शिंक आली, जरा बसा

आमच्या घरमालकांच्या शिंकेनं येडशी स्टेशनात उभी असलेली गाडी रिकामी झाली होती. माझी जिथं जिथं बदली झाली तिथं तिथं मी ही गोष्ट सांगितली आहे, आणि दर बदलीला तिच्यात एक डबा वाढवला आहे. मूळची गोष्ट अर्ध्या डब्याची असावी.

मालक तेव्हा रेल्वेत सांधे बदलणारे पॉइंट्समन होते. गाडी सुटायची वेळ झाली, मागून हिरवी झेंडी हलली, इंजिनानं शिटी दिली आणि नेमकी फलाटावर उभ्या असलेल्या मालकांना शिंक आली. बस्स. लातूरच्या बाजाराला निघालेले शेतकरी, लेकीकडं निघालेल्या म्हाताऱ्या, भाऊबंदकीच्या तारखेला निघालेला एक इसम, सगळे पिशव्या सावरत खाली उतरले. आपल्याकडं निघताना कुणी शिंकलं तर माणूस मागं फिरतो, जरा टेकतो, घोटभर पाणी पितो आणि मग निघतो. गाडीला हे कोण सांगणार? ती निघून गेली. उतरलेली मंडळी फलाटावर पाणी पीत बसली. तारखेवाल्याचा निकाल त्याच्या गैरहजेरीत लागला, आणि तो पुढं जन्मभर सांगत राहिला की, गेलो असतो तर याहून वाईट लागला असता.

हल्लीच्या पोरांना मालक ठाऊक आहेत ते वेगळे. फाट्यावर चहात बिस्कीट बुडवून खाणारा आणि निघालेल्या गाड्यांवर शिंकणारा येडा म्हातारा, एवढंच. मधलं काही त्यांना माहीत नाही.

मालकांची शिंक म्हणजे तुमच्याआमच्यासारखी रुमालात संपणारी बाब नव्हती. आधी ते आभाळाकडं बघायचे. मग उजवा हात सिग्नलसारखा वर जायचा, डोळे मिटायचे, आणि सगळी गल्ली श्वास रोखून उभी राहायची. शिंक सुटली की पत्र्यावरचे कावळे उडायचे आणि शेजारच्या दावणीतली म्हैस पान्हा चोरायची. म्हशीचं मी शपथेवर सांगतो, कारण ती तक्रार माझ्याकडंच आली होती. मी जनावरांच्या दवाखान्यात कामाला. गाव मला डॉक्टर म्हणायचं. मी डॉक्टर नव्हतो, पण म्हशींना तेवढा फरक कळत नाही आणि गावाला कळवायची मला घाई नव्हती.

शिंका एकट्यादुकट्या यायच्याच नाहीत. मालगाडीला वाघिणी लागाव्यात तशा एकीमागं एक लागलेल्या. आता जुन्या माणसांचा हिशेब असा की एकटी शिंक वाईट आणि जोडीची चांगली. त्यामुळं मालक सुरू झाले की गल्लीतून कामाला निघालेली माणसं उंबऱ्यात एक पाय आत, एक पाय बाहेर ठेवून मोजत उभी राहायची. सम आल्या की निघायचं, विषम आल्या की पाणी प्यायचं. शेवटी नाकातल्या नाकात जिरलेली अर्धी शिंक धरायची की सोडायची, यावरून दोन सख्खे भाऊ वेगळे झाल्याचं मी सांगत असतो. ते तसेही वेगळे होणारच होते.

हे सगळं वर्षभर नव्हतं. पोळा झाला की माळावर काँग्रेस गवत पांढरं फुलायचं, आणि मालकांचं नाक उघडायचं ते संक्रांतीला मिटायचं. म्हणजे बरोबर सोयरिकीच्या दिवसांत. घरात लग्नाची लेक आणि बापाच्या नाकात अपशकुन, अशी ती गाठ होती.

लेक एकुलती एक. तिला सगळे अक्का म्हणायचे, आम्ही भाडेकरूसुद्धा. आई ती शाळेत असतानाच गेलेली. अक्का शेजारच्या गावी आरोग्य उपकेंद्रात नर्स होती. सकाळी स्कूटीवर जायची, संध्याकाळी यायची, आणि मधल्या वेळात अर्ध्या पंचक्रोशीला सुया टोचून वर दमही द्यायची. मालक रिटायर झालेले, पण त्यांच्यातला पॉइंट्समन काही उतरलेला नव्हता. अंगात खाकी सदरा, ट्रंकेत घडी घातलेल्या लाल-हिरव्या झेंड्या, आणि घरातून कुणीही बाहेर निघालं की ओट्यावर उभं राहून, रस्त्याच्या दोन्ही अंगांना मान वळवून मोठ्यानं सांगायचं, “लाईन क्लिअर!” मी दूध आणायला निघालो तरी लाईन क्लिअर. पाहुण्यांची जीप निघाली तरी लाईन क्लिअर. एकदा आमच्या खोलीतून उंदीर पळाला, त्यालाही त्यांनी लाईन दिली.

“अप्पा, गोळी घेतली का?” अक्का स्कूटीवरून विचारायची.

“झोप येती तिनं.”

“येऊ द्या की. रिटायर झालाय तुमी.”

“म्या झालो. गाडी झाली का रिटायर?”

गोळी तुळशीच्या कुंडीत जायची. त्या तुळशीला मात्र कधी सर्दी झाली नाही.

मला ते खासगीत गाठायचे. “डॉक्टर, बैलाच्या नाकातून पाणी आलं तर काय टोचता?”

“मालक, बैलाला बैलाच्या वजनानं देतो.”

“मग मला माझ्या वजनानं द्या. माणसाच्या डॉक्टरांनी हात टेकले. तुमच्यात काय असंल तर बघा.”

हसायचो आम्ही. पण कळंबकडची मंडळी आली त्या दिवशी कुणी हसलं नाही. सगळं ठरलेलं होतं. सुपारी फोडायची तेवढी बाकी. मुलाच्या चुलत्यानं अडकित्ता हातात घेतला, आणि मी समोरून पाहिलं, मालकांची नजर आभाळाकडं गेली. त्यांनी नाक चिमटीत धरलं. उपरणं तोंडात कोंबलं. चेहरा वांग्यासारखा झाला. आणि मग ती आली. अडकित्ता खाली ठेवला गेला. कुणी वाईट बोललं नाही. चहा झाला, “कळवतो” म्हणाले, आणि जाताना ओट्यावर क्षणभर टेकून पाणी पिऊन गेले. कळवलं नाही. त्यानंतर एक स्थळ पोहे येण्याआधी उठलं, एक पोहे खाऊन उठलं. पुढं पुढं मालक पाहुण्यांच्या दिवशी रामलिंगाच्या डोंगरात जाऊन बसायला लागले. तर पाहुणे विचारायचे, “मुलीचे वडील दिसत न्हायत? काय भानगड?”

अक्काचं वय वाढत होतं आणि गाव मालकांना सुतकी माणसासारखं टाळायला लागलं होतं. बैठकीला बोलावणं नाही, पायाभरणीला नाही. पेरणीला निघालेला माणूस त्यांचं दार चुकवून लांबून वळसा घालायचा. मालक ओट्यावरून बघायचे आणि म्हणायचे, “जाऊ द्या. लूप लाईननं गेला.”

अशात त्यांचा पुण्याचा पुतण्या बायकोला घेऊन आला. त्या सूनबाईनं पहिल्याच जेवणाला चपाती बाजूला सारली आणि पिशवीतून स्वतःचा डबा काढला. ती गव्हाचं काहीच खात नव्हती. ग्लूटेन नावाचं काहीतरी गव्हात असतं, ते सोडल्यापासून माझी हंगामी सर्दी बसली, डोळ्यांची खाज गेली, असं ती सांगत होती. “काका, पावसाळ्यापासून सोडून तर बघा. सगळ्यांना फरक पडतोच असं नाही. पण मला पडला.”

बाहेरच्यांना वाटेल, यात काय मोठं? पण चपाती ही मालकांची बढती होती. ते ज्वारीवर वाढलेले. त्यांच्या लहानपणी गहू दिसायचा तो सणाला, नाहीतर पाहुण्याच्या ताटात. नोकरी लागली तेव्हा पहिल्या पगाराला त्यांनी गव्हाचं पोतं खांद्यावरून घरी आणलं आणि त्या दिवसापासून भाकरीला हात लावला नाही. भाकरी शेतकऱ्यानं खावी, चपाती नोकरदारानं, हा त्यांचा कायदा. आता सूनबाई त्यांना पुन्हा शेतकरी करायला निघाली होती.

“एवढ्यापायी भाकरी खाऊ?” ते मला म्हणाले.

“मालक, ज्वारी आता गव्हापेक्षा महाग झाली. आता भाकरीच साहेबाची.”

त्यांनी आत बघितलं. अक्का चुलीपुढं पाठमोरी होती. “तसं असंल तर खातो,” ते म्हणाले.

आणि खाल्ली. नागपंचमीला गव्हाला हात लावला नाही, पोळ्याला पुरणपोळीकडं पाठ करून बसले. चहातलं बिस्कीट गेलं, शेवया गेल्या, रव्याचा शिरा गेला. सत्यनारायणाच्या प्रसादाला त्यांनी वाटीला नुसता नमस्कार केला, तर भटजींनी त्यांना पाखंडी ठरवलं. हॉटेलात गेले तर भज्याच्या पिठात काय काय आहे याची जबानी घ्यायचे. अक्का सकाळी ड्युटीवर जायच्या आधी भाकऱ्या थापायची. तिला पहिल्यांदा जमायच्या नाहीत, कडा फाटायच्या. मालक फाटकी भाकरी हातात धरून म्हणायचे, “नकाशा काढलाय पोरीनं. हे इथं भूम, हे इथं परंडा. आज परंडा खातो.”

पोळा गेला. माळ पांढरा झाला. आम्ही सगळे कान लावून बसलो.

शिंक आली नाही.

आता तुम्ही म्हणाल, हा वाढवून सांगतो. थोडी यायची. सकाळी उठल्यावर एखादी, जोडीला दुसरी, की झालं. पण ती माणसाची शिंक होती. पूर्वीची गेली ती गेलीच. दसऱ्याला सोनं वाटायला मालक गावभर हिंडले आणि कुणी दार लावलं नाही. गावाचा विश्वास बसेना म्हणून मारुतीच्या पारासमोर परीक्षा झाली. कुणीतरी फुललेलं काँग्रेस गवत भारा बांधून आणलं. मालकांनी त्यात तोंड खुपसलं, जसं म्हैस कडब्यात खुपसते. आम्ही वाट बघत राहिलो. त्यांनी तोंड वर काढलं. मिशीवर पांढरी फुलं, डोळे कोरडे. “लाईन क्लिअर!” ते म्हणाले. पारावर टाळ्या पडल्या. मी त्या दिवशी त्यांना पहिल्यांदा मान खाली न घालता चालताना पाहिलं.

मी अक्काला विचारलं, “खरंच गव्हानं असेल का?”

ती म्हणाली, “यंदा पाऊस कमी झाला, गवत कमी. वय झालंय. गोळ्याबी मी भाकरीच्या पिठात घालत नसंन कशावरून?” मग हसली. “न्हाय घालत. मला बी ठाव न्हाय, डॉक्टर. बरं वाटतंय न्हवं? मग खाऊ द्या भाकरी.”

त्याच हंगामात मुरुडकडचं स्थळ आलं. मुलगा शाळेत शिक्षक. गालावर खळी, बोलायला लाजरा. अक्कानं त्याला दारातच विचारून घेतलं, “आमच्या अप्पांच्या शिंकेबद्दल ऐकलं असंल तुमी.” तो म्हणाला, “खडूनं मीच दिवसभर शिंकतो. पोरं मोजतात.” तिनं आत येऊन मला सांगितलं, आणि सांगताना तिच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी पुन्हा पाहिलेलं नाही. सुपारी फुटली. मालक अडकित्त्याच्या अगदी समोर, छाती काढून बसले होते.

लग्न मार्गशीर्षात झालं. आमच्या दारातच मांडव होता. पंगत बसली, ताटात हुग्गी वाढली. हुग्गी म्हणजे गुळातली गव्हाची खीर. ती नसली तर आमच्या भागात लग्न लागलं असं कुणी मानत नाही. मालकांनी रुमालातून हळूच आपली भाकरी काढली. तेवढ्यात व्याही उठले. मोठ्या देहाचे, मोठ्या आवाजाचे गृहस्थ. हातात हुग्गीचा घास.

“अप्पा, उघडा तोंड.”

“सरकार, तेवढं गव्हाचं...”

“आमच्या हातचा घास चालत न्हाय व्हय?”

व्याह्यानं व्याह्याला घास भरवायचा आणि त्यानं तोंड मिटायचं, याचा अर्थ सगळ्या पंगतीला कळतो. पंक्तीतले हात थांबले. मालकांनी माझ्याकडं पाहिलं, मग घासाकडं, आणि तोंड उघडायला लागले. लेकीसाठी त्यांनी खिळेसुद्धा खाल्ले असते.

मुंडावळ्या सावरत अक्काच पुढं झाली. “मामा, अप्पांच्या वाटणीचा घास मला द्या. लेक बापाच्या वाटणीचंच खात असती.” आणि तिनं तोंड पुढं केलं.

सगळी पंगत हसली. व्याह्यांनी तिला घास भरवला, वर “लई चलाख सून मिळाली” म्हणाले. मालकांनी डोळे पुसले. नाक पुसलं नाही, पुसायचं काही नव्हतंच.

तिन्हीसांजेला पाठवणी. चाकाखाली लिंबू ठेवलं. अक्का बापाच्या गळ्यात पडली. गाडी सुरू झाली तसे मालक आत धावले आणि ट्रंकेतली हिरवी झेंडी घेऊन आले. रडणाऱ्या बाया हसायला लागल्या. ते ओट्यावर उभे राहिले, दोन्ही अंगांना मान वळवली, झेंडी उंच धरली. सगळी गल्ली सवयीनं त्यांच्या नाकाकडं बघत होती. नाक असं कोरडं की काडी ओढली असती तर पेटली असती.

“लाईन क्लिअर!”

गाडी गेली.

ढोकीच्या अलीकडं वळणावर उसाची ट्रॅक्टर-ट्रॉली उभी होती. तिचं चाक बसलं होतं. ड्रायव्हर माणूस आणायला पुढं गेला होता. मागं दिवा नव्हता, लाल फडकं नव्हतं. गाडी सरळ उसात शिरली. नवरा मुलगा जागच्या जागी गेला. अक्काचा हात मोडला. तिच्या ओटीतला नारळ तसाच्या तसा राहिला, फुटला नाही. यात मला वाढवण्यासारखं काही सापडलेलं नाही.

हात प्लास्टरमध्ये घालून ती तेराव्यापर्यंत सासरी राहिली. मग पांढऱ्या पायाची म्हणून तिला परत आणून सोडलं. सोडायला आलेली जीप दाराशी चालूच ठेवली होती. ती निघाली तेव्हा मालक ओट्यावर होते. त्यांनी तोंड उघडलं, पण ‘लाईन क्लिअर’ निघालं नाही. त्यानंतर तो शब्द मी त्यांच्या तोंडून ऐकला नाही.

भेटायला माणसं येत होती. आमच्या गल्लीच्या टोकाला एक म्हातारी राहायची. मालकांच्या शिंकेपायी तिची नातसून माहेरी निघालेली दोनदा परत फिरलेली. ती काठी टेकत आली, ओट्यावर बसली, पाणी प्याली. मग म्हणाली, “अप्पा, जल्मभर आमच्या आडवं शिंकलास. अन् पोरीच्या येळंला तोंड मिटलंस?”

तिच्या मनात वाईट नव्हतं, खरोखर विचारत होती ती. पण मी मालकांकडं पाहिलं आणि मला कळलं की हा प्रश्न आता या घरात भाड्यानं नाही, मालकीनं राहणार. एक शिंक आली असती तर गाडी थांबली असती. अक्का उतरली असती, टेकली असती, घोटभर पाणी प्याली असती. तेवढ्या वेळात तो ड्रायव्हर माणूस घेऊन परत आला असता. चाक बदललं असतं.

दुसऱ्या दिवशी मालक स्वतः दुकानात गेले आणि गव्हाचं पीठ घेऊन आले. अक्काचा एक हात गळ्यात. म्हणून स्वतःच मळायला बसले. दगडासारखी कणीक, वर कच्ची, खाली करपलेली चपाती. नुसती, कोरडी, भिंतीकडं तोंड करून खात होते.

“अप्पा, हे काय?” अक्का दारात उभी.

“भूक लागली.”

“भाकरी हाय की.”

ते चावत राहिले.

पुढच्या पोळ्याला शिंका परत आल्या. गहू खाल्ला म्हणून आल्या की पाऊस जास्त झाला म्हणून, हे मोठ्या डॉक्टरांनी सांगावं. पण यावेळी मालक त्यांना लपवत नव्हते, हाका मारत होते. कारखान्याचा हंगाम सुरू झाला की ते सकाळीच फाट्यावर जाऊन बसायचे. चहा, चहात बिस्कीट, बिस्किटावर बिस्कीट. जीप भरली, ड्रायव्हरनं किल्ली फिरवली की नजर आभाळाकडं, हात वर. ड्रायव्हर शिव्या द्यायचे आणि थांबायचे. आतल्या बाया उतरायच्या, पाणी प्यायच्या. कॉलेजची पोरं हात जोडायची, “अप्पा, आमच्या बसवर नगा ओ शिंकू. पेपर हाय.”

“पेपर पुन्हा देता येतो,” मालक म्हणायचे.

अक्काला हे पटत नव्हतं. ती शिकलेली, रोज माणसाचं मरण-जगणं हाताळणारी. एकदा माझ्यासमोरच तिनं त्यांना झापलं. “अप्पा, शिंकेनं ट्रॉली हलत न्हाय. तिच्या मागं दिवा लावा म्हणून सांगा की त्यास्नी.”

“सांगतो की रोज. दिवा त्यांच्या हातात हाय, अक्का. शिंक माझ्या.”

तिनं घरातलं पीठ फेकलं. त्यांनी बिस्किटं जुन्या कंदिलाच्या पेटीत लपवली. तिनं पेटीला कुलूप घातलं, ते हॉटेलात गेले. तिनं हॉटेलवाल्याला दम दिला, तर गल्लीतल्या बाया द्यायला लागल्या, कारण ज्यांची पोरं रोज मोटारसायकलनं जातात त्यांना आता मालकांची शिंक हवी असायची. पूर्वी वळसा घालून जाणारे लोक आता मुद्दाम दारावरून जायला लागले. माझ्या म्हशीवाल्यानंही तक्रार मागं घेतली.

शिंकेचा दमा झाला. रात्री भिंतीपलीकडून शिटी ऐकू यायची, लांबच्या इंजिनासारखी. अक्का उशाशी बसून वाफ द्यायची. “एवढी बिस्किटं सोडली तर चार दिस जास्त जगाल,” ती म्हणायची.

“अन् तू न बसता जाशील.”

कारण हात बरा झाल्यावर अक्का पुन्हा स्कूटीवर जायला लागली होती. तिचा रस्ता तोच, त्याच ट्रॉल्यांमधून. सकाळी ती किक मारायची, ओट्यावरून शिंक यायची, ती स्कूटी बंद करायची. येऊन बापाशेजारी टेकायची. तांब्यातलं पाणी प्यायची. दोघं रस्त्याकडं बघत बसायचे. मग ती उठायची. मी हे रोज खिडकीतून पाहिलं.

माझी बदली ईट गावी झाली त्याच्या आदल्या दिवशी मी तिला विचारलं, “तुमचा विश्वास आहे का यावर?”

“न्हाय.”

“मग बसता कशाला?”

ती ओढणीचं टोक गुंडाळत राहिली. “डॉक्टर, तो घास मी खाल्ला. हुग्गीचा. अप्पा खायला निघाले होते, तोंड उघडलं होतं त्यांनी. मी चलाखी केली.” मग म्हणाली, “विश्वास न्हाय माझा. पर मनात येतंच की.”

गेल्या हिवाळ्यात मी येडशीला उतरलो. मालकांसाठी बिस्किटांचा पुडा घेतला होता, तो दारातच परत पिशवीत टाकला. ते आतल्या खाटेवर होते. सिग्नलच्या खांबासारखा तो देह आता कुणी वाकवून गुंडाळल्यासारखा झाला होता. उशाशी वाफेचं यंत्र. मला ओळखलं. “डॉक्टर,” एवढंच म्हणाले, आणि तेवढ्यानं दम लागला. बोलण्यात वारा जास्त, शब्द कमी. शिंकायला छातीत जोर लागतो. तो संपला होता. माळावर गवत पांढरं फुललेलं, ताटात चपाती, आणि नाक उघडायला अंगात श्वास नाही.

अक्काची ड्युटीची वेळ झाली. तिनं डबा भरला, शेजारणीला औषधाचं सांगितलं, चप्पल घातली. मालकांनी मान वळवली. नजर आभाळाकडं जायला वर गेली, पण वर पत्रा होता. हात उशीवरून थोडा उचलला आणि पडला. तोंड उघडं राहिलं. काही आलं नाही. त्यांच्या डोळ्यांत जे दिसलं ते मी त्यांच्या डोळ्यांत एकदाच पाहिलं होतं, सासरची जीप निघाली त्या दिवशी.

अक्का बाहेर गेली. स्कूटी सुरू झाल्याचा आवाज आला. मी खाटेपाशी उभा. मग ओट्यावरून, गल्लीला ऐकू जाईल अशी, खोटी, नाटकातल्या पोरानं काढावी तशी शिंक आली.

“आऽऽक्छी!”

स्कूटी बंद झाली. मालकांचे कान टवकारले. अक्का दारातून आत आली, हातात किल्ली.

“कोण शिंकलं?” मालकांनी विचारलं.

“मीच. धूळ लागली.”

“किती आल्या?”

“एकच, अप्पा.”

मालकांनी डोळे मिटले. हातानं खाटेची कड चाचपली, जरा जागा केली.

“मग बस जरा,” ते म्हणाले.

अक्का बसली. मी तांब्यातलं पाणी फुलपात्रात ओतून तिच्यापुढं धरलं.